ताठरपणाचे निदान

एखाद्या माणसाला आपण कठोर म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? त्याचा स्वभाव सांगत असतो, त्याच्यावर ठपका ठेवत असतो, की त्याच्याशी पडलेल्या गाठीत आपल्याला काय लागले एवढेच नोंदवत असतो? हा प्रश्न नवा नाही. नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी तो फार उंचीवरून हाताळला आहे. मला मात्र तो या उतारवयात भेटला तो नातवाच्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यात, आणि भेटल्यापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. आपल्या त्रैमासिकात संतवाङ्मयापासून होळकरकालीन कागदपत्रांपर्यंत भारदस्त विषय येत असतात. त्या पंक्तीत सायकलीचा चिमटा आणून बसवण्याचे धाडस मी करतो आहे. सुज्ञ वाचकांनी ते उदार मनाने सोसून घ्यावे.

आमच्या घराचे आणि सायकलीचे नाते जुने आहे. आजोबा होळकर दरबारच्या चाकरीत इंदुरात स्थिरावले. वडील पुढे राज्य शासनाच्या नोकरीत शिरले आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत सायकलनेच कचेरीत जात राहिले. त्या काळ्या, दणकट सायकलीचा पुढचा चिमटा म्हणजे दोन पोलादी नळ्या. धक्का सोसण्याची जी काही सोय होती ती चामडी सीटखालच्या दोन स्प्रिंगांत आणि बसणाऱ्याच्या हाडांत. मी स्वतः नोकरीची पहिली काही वर्षे तिच्यावरच काढली. म्हणून अकरावीत शिकणारा नातू गेल्या पावसाळ्यानंतर तळहात चोळत घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, पुढचा शॉकर हलतच नाही, मनगटं नुसती ठणकताहेत," तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच उत्तर दिले, "होईल सवय. आमच्या काळी कुठे होते शॉकर?"

हे उत्तर मी फार सहज दिले. त्या सहजपणाकडे पुढे यायचे आहे.

सायकल त्याने शिकवणीला जाणाऱ्या एका थोरल्या मित्राकडून जुनी घेतली होती. डोंगरात चालवायची सायकल, रुंद आणि खाचांच्या टायरांची, पुढे १२० मिलिमीटर दबणारा हवेचा शॉकर. रविवारी ही मुले जानापावच्या किंवा चोरलच्या बाजूला जातात. माळव्याचे पठार जिथे निमाडाकडे उतरू लागते तिथे काळ्या दगडांच्या आणि धुपलेल्या मातीच्या वाटा आहेत. तिथे यांचा खेळ चालतो.

या सायकलीचा जन्म आपल्याकडला नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली उतारावर पळवू लागले. १९७६ साली तिथे उताराची एक शर्यत सुरू झाली. एकेका उतरणीत मागच्या चाकातले ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या शब्दावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. त्यांचे चिमटे वडिलांच्या सायकलीसारखेच ताठ होते. मोटारसायकलींच्या जगात वावरलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९च्या सुमारास 'रॉकशॉक्स' या नावाने सायकलीसाठी दबणारा चिमटा आणला. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्ड हा खेळाडू असाच चिमटा घेऊन उताराच्या शर्यतीत पहिला आला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

हे सारे मी नंतर जिज्ञासेपोटी वाचले, आणि वाचताना माझी एक जुनी समजूत गळून पडली. चिमट्याचे दबणे ही ऐषआरामाची सोय आहे, सुखवस्तू मुलांचे लाड आहेत, असे मला वाटत होते. खरी गोष्ट निराळी आहे. ताठ चिमट्याचे चाक दगडावर आदळले की उसळते आणि काही क्षण जमीन सोडते. जमीन सोडलेल्या चाकाला ना वळवता येते, ना ब्रेक लावून थांबवता येते. चिमटा दबतो म्हणून चाक जमिनीला धरून राहते, आणि जमिनीला धरून राहते म्हणूनच ते स्वाराच्या ताब्यात राहते. ज्याला मी दुर्बळपणा समजत होतो तो ताबा राखण्याचा उपाय होता.

तिसऱ्या रविवारी मुलगा तळहाताला फोड घेऊन आला, तेव्हा माझी सूनबाई माझ्याकडे नुसते पाहून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री पस्तिशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने सायकल उभी केली, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडलवर अंगाचा भार टाकला. चिमटा हलल्यासारखा दिसला इतकेच. मी विचारले, "खराब झाला आहे का? बदलावा लागेल?" तो हिंदीत म्हणाला, "बाबूजी, पहले बाहर का देखेंगे. खोलना सबसे आखिर में."

पुढचा दीड तास मी एका स्टुलावर बसून जे पाहिले, ते वाचकांपुढे क्रमाने मांडतो.

त्याने प्रथम उजव्या नळीच्या डोक्यावरची एक छोटी कळ फिरवली. ही कळ चिमट्याला कुलूप घालते. सपाट सडकेवर किंवा चढावर पायडल मारताना चिमटा खालीवर झाला तर श्रम वाया जातात, म्हणून तिथे तो बंद करण्याची सोय असते. आमची कळ बंद होती. आधीच्या मालकाने कधीतरी चढावर ती फिरवली असावी, आणि नातू तिला शोभेची वस्तू समजत होता. कुलूप उघडल्यावर चिमटा थोडा हलू लागला, परंतु थोडाच.

मग त्याने डाव्या नळीवरचे झाकण काढून एक बारीक पंप जोडला. या शॉकरमध्ये लोखंडी स्प्रिंगेऐवजी दाबलेली हवा असते आणि ती टायरच्या साध्या पंपाने भरता येत नाही. थोडी हवा खूप दाबाने भरणारा वेगळा पंप लागतो. काटा १२५ पौंडांवर गेला. मिस्त्रीने नातवाला वजन विचारले. ४८ किलो. आधीचा मालक? नव्वदीच्या पुढचा. मिस्त्री हसला. चिमट्यात काही बिघडले नव्हते. तो दुसऱ्याच माणसासाठी भरलेला होता. हवा सोडत सोडत त्याने काटा ७०च्या आसपास आणला आणि मुलाला सायकलीवर स्थिर बसायला सांगितले. स्वार नुसता बसला असता चिमटा आपल्या एकूण चालीच्या पाचवा ते चौथा हिस्सा दबला पाहिजे, म्हणजे १२० मिलिमीटरमध्ये २४ ते ३० मिलिमीटर. नळीवर एक रबरी कडे असते, ते सरकते आणि माप सांगते. पूर्वी ते आठ मिलिमीटरसुद्धा सरकत नव्हते.

तिसऱ्यांदा त्याने पुढच्या चाकाचा आस सैल करून चिमटा दाबून पाहिला. कधी कधी चाक बसवताना आस वाकडा आवळला जातो, त्यामुळे दोन्ही पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि आतल्या नळ्या घासून अडकतात. आमच्या सायकलीत हा दोष नव्हता. पण तपासल्याशिवाय नाही म्हणायचे नाही, हा त्याचा नेम दिसला.

तरीही एक गोष्ट उरली होती. हलका भार दिला तर चिमटा जागचा हलत नसे. भार वाढवत गेले की एकदम धक्क्याने खाली जाई. स्थिर वस्तूला हलवायला जे घर्षण ओलांडावे लागते ते चालत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. आता खोलण्याची वेळ आली होती. खालचे पाय उतरवल्यावर आत पाहिले तर धूळ अडवणाऱ्या रबरी पट्ट्यांखालच्या स्पंजाच्या कड्या, ज्या तेलात भिजलेल्या असायला हव्यात, त्या पापडासारख्या कोरड्या होत्या आणि आत काळा चिखल बसला होता. साधारण ५० तासांच्या वापरानंतर हे पाय उतरवून साफ करावेत आणि नवे तेल घालावे, असे अनेक उत्पादक सांगतात. तेल लागते ते फार तर चमचा-दोन चमचे. इथे वर्षानुवर्षे कुणी पाहिलेच नव्हते. नातवाने मात्र बाहेरून गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारला होता. मिस्त्रीने मान हलवली. त्या पातळ तेलाने दोन दिवस चिमटा हलका वाटतो, पण ते आतले उरलेसुरले ग्रीस धुऊन नेते आणि मागाहून कोरडेपणा वाढतो.

सर्व पूर्ववत जोडल्यावर त्याने उजव्या पायाच्या तळाशी असलेली तांबडी चकती फिरवली. तिच्या एका बाजूस सशाचे आणि दुसऱ्या बाजूस कासवाचे चित्र होते. दबलेला चिमटा किती वेगाने परत वर यावा, हे ती ठरवते. ती कासवाकडे पूर्ण फिरलेली होती. हवा जास्त असली की उसळी जोरात येते, म्हणून जड मालकाने तिला आवर घातला होता. आता हवा कमी केल्यावर तो आवर जाच झाला असता. परतणे फार संथ असले तर पहिला दगड ठीक जातो, पण चिमटा वर येण्याआधीच दुसरा दगड येतो, मग तिसरा. प्रत्येक धक्क्यागणिक तो अधिक खाली रुतत जातो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. तेव्हा तो पुन्हा दगडासारखा लागतो.

एकच तक्रार: शॉकर कडक आहे. कारणे निघाली चार, आणि चारही एकमेकांहून भिन्न. विसरलेले कुलूप, दुसऱ्याच्या वजनासाठी भरलेला दाब, न पाहिल्यामुळे आलेला कोरडेपणा, आणि सावरायला न मिळालेला वेळ. यांपैकी एकालाही चिमट्याचा 'स्वभाव' म्हणता येणार नाही. मी मात्र तपासणीच्या आधीच दोन निर्णय देऊन बसलो होतो. घरी नातवाला दोष दिला होता आणि दुकानात चिमट्याला.

माणसांच्या बाबतीत आपण याहून वेगळे काय करतो? घरातली एखादी काकू तुसडी, शेजारचे गृहस्थ माणूसघाणे, अमुक मास्तर खडूस. निदान पहिल्याच वाक्यात संपते. त्या काकूंनी वर्षामागून वर्षे आजारी माणसाचे केले आणि एका धक्क्यातून वर येण्याआधी त्यांना दुसरा बसत गेला, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण दोन गोष्टी जोडून पाहत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपण थेट आत, स्वभावापर्यंत जाऊन पोचतो. स्वतःच्या बाबतीत मात्र क्रम उलटा असतो. मी कुणाला तोडून बोललो तर कामाचा ताण होता, उकाडा होता, समोरच्याने वेळच चुकीची निवडली होती. बाहेरची सर्व कारणे तपासून होतात आणि पाय उतरवण्याची पाळी कधी येतच नाही. खरे तर दुसऱ्याचे अंतरंग उघडण्याचा आपल्याला ना अधिकार, ना हत्यार. म्हणून तिथे बाहेरून आत जाणे योग्य. आपले अंतरंग मात्र उघडले तर आपल्यालाच उघडता येते. तिथे बाहेरच थांबणे ही पळवाट आहे.

असे लिहिल्यावर मला स्वतःच्या पळवाटेत थांबता येणार नाही.

राज्य शासनाच्या एका खात्यात लेखा आणि आस्थापनेच्या कामात माझी सारी नोकरी गेली. 'कडक अधिकारी' अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. १९९८ साली आमच्या कार्यालयातील एका भृत्याने पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज केला. पैसा त्याचाच होता. मी पहिल्यांदा अर्ज परत केला, कारण खर्चाच्या अंदाजपत्रकावर डॉक्टरांची सही होती, शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा परत केला, कारण सेवापुस्तकातल्या आणि अर्जातल्या नावांत एका अक्षराचा फरक होता. तिसऱ्यांदा शिलकेचा ताजा उतारा जोडलेला नव्हता. तिन्ही आक्षेप नियमाने अचूक होते. रक्कम मिळायला ४१ दिवस लागले. तोवर त्याने शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलून शस्त्रक्रिया करून घेतली होती. बाई वाचली, ईश्वराची कृपा. कर्ज फिटायला तीन वर्षे लागली, हे मला पुष्कळ नंतर दुसऱ्याकडून कळले.

याच वर्षी एका वजनदार गृहस्थांचे देयक माझ्यापुढे आले. त्यातही कागद अपुरे होते. वरून दूरध्वनी आला. मी नियमपुस्तक उघडले आणि मला त्यात एक तरतूद सापडली: कागद मागाहून सादर करण्याच्या अटीवर मंजुरी देता येते. मी तशी टीप लिहिली आणि देयक दोन दिवसांत निघाले. यातही नियमबाह्य काही नव्हते. फक्त ती तरतूद त्या भृत्यासाठीही पुस्तकात होती. त्याच्या वेळी मी ते पान उघडले नव्हते.

मिस्त्रीच्या दुकानात काटा १२५वर गेला तेव्हा मला हे आठवले, आणि स्टुलावर बसवेना. नव्वद किलोच्या स्वाराखाली हाच चिमटा नीट दबत होता. त्याची काहीही तक्रार नव्हती. ४८ किलोच्या मुलाला तो दगड होता. जड माणसासाठी भरलेली व्यवस्था जड माणसाला लवचीकच वाटते. तिचा ताठरपणा कळतो तो फक्त हलक्यांना. म्हणून व्यवस्था कशी आहे हे वजनदारांना विचारून कळणार नाही. मी स्वतःला सर्वांशी सारखाच कडक समजत होतो. सारखेपणाची ती समजूत खोटी होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आपल्या परंपरेत रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आदराने घेतले जाते ते त्यांच्या न वाकण्यासाठी. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुण्याचा दरबार सोडला. तेही दबले असते तर? ताठपणा हा सद्गुण नव्हे काय?

मला वाटते, उत्तर सायकलीतच आहे. सायकलीचा सांगाडा ताठच असावा लागतो. तो वाकला तर चाके एका रेषेत राहणार नाहीत; तशी सायकल कुणी घेणार नाही. चिमटा दबतो तो ताठ सांगाड्याच्या भरवशावर. रामशास्त्र्यांचा ताठपणा सांगाड्याचा होता: सत्तेच्या सर्वांत मोठ्या भाराखाली ते वाकले नाहीत. माझे नेमके उलटे झाले. जिथे सांगाडा हवा होता तिथे मी दबलो, आणि जिथे दबायला हवे होते तिथे सांगाडा झालो. ताठपणा सद्गुण आहे की दुर्गुण हे तो किती आहे यावरून ठरत नाही. कोणत्या जागी आहे आणि कुणाच्या भाराला तोंड देतो आहे यावरून ठरते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात याच अडचणीचा विचार केला आहे. कायदा सर्वसामान्य भाषेत बोलतो आणि प्रसंग नेहमी विशिष्ट असतो. ही उणीव भरून काढणारी जी न्यायबुद्धी, तिला तो न्यायाहून निराळी मानत नाही, न्यायाचेच दुरुस्त रूप मानतो. दृष्टान्त म्हणून त्याने लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची शिशाची मोजपट्टी सांगितली आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वळते आणि तरी माप देते. नोकरीत असताना मला हा दृष्टान्त कुणी सांगितला असता, तर वळणारी मोजपट्टी म्हणजे भ्रष्टाचाराची सोय, असे मी म्हणालो असतो. आज वाटते, माझ्या हातातली मोजपट्टी लोखंडी नव्हतीच. ती दगडाकडे न पाहता दगड आणणाऱ्याकडे पाहून वळत होती.

तेव्हा नुसते मऊ होणे हाही उपाय नव्हे. हवा फार सोडली तर चिमटा पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो, आणि पुढचा ब्रेक दाबताच सायकल नाक खुपसते. नातवाच्या एका मित्राच्या स्वस्त सायकलीला लोखंडी स्प्रिंगेचा चिमटा आहे. तिच्या डोक्यावरची चकती सैल केली की तो मऊ होतो, अशी त्याची समजूत होती. मिस्त्रीने सांगितले की त्या चकतीने सुरुवातीचा ताण तेवढा बदलतो. स्प्रिंगेचा मूळ कडकपणा आहे तसाच राहतो, त्याला स्प्रिंगच बदलावी लागते. असेही अधिकारी मी पुष्कळ पाहिले. खुर्चीवरून उठून नमस्कार करणारे, चहा पाजणारे, अर्जदाराला 'बाबा' म्हणणारे. आणि कागद मात्र माझ्याइतकेच दिवस अडवणारे.

मिस्त्रीने सांगितलेल्या मापांत मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटले ते पहिलेच: वाटेवर एकही दगड आलेला नसताना, नुसत्या स्वाराच्या बसण्याने चिमटा चौथाईपर्यंत दबलेला असावा. असे का, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, चाकाला फक्त दगडावर चढायचे नसते, खड्ड्यात उतरायचेही असते. आधी थोडा दबलेला चिमटाच खड्डा आला की लांब होऊन खाली पोचू शकतो; पूर्ण ताणून उभा असलेला खाली कुठे जाणार? त्याचे चाक खड्ड्यावर अधांतरी राहते. मला तो भृत्य आठवला. तो टेबलापाशी उभा राहत असे आणि मी कागद वाचत असे. त्याच्या खड्ड्यापर्यंत उतरायला माझ्याकडे चालच शिल्लक नव्हती.

आता मुख्य प्रश्न. कारण सापडले म्हणजे दोष संपला काय? माझ्या कडकपणाचीही कारणे आहेत. पहिल्याच वर्षी एका वरिष्ठांनी मला शिकवले होते की चुकीची मंजुरी दिली तर वसुली निघते, उशीर केला तर कुणी विचारत नाही. ते कुलूप त्यांनी घातले. नव्या माणसाला, निसरड्या जागी, ते आवश्यकही असेल. पण ती कळ माझ्या हाताशी होती आणि मी ती पस्तीस वर्षे उघडली नाही. आत दाबून भरलेली जी हवा होती, तिला मी सचोटी म्हणत आलो. दुकानातून परतल्यावर रात्री प्रामाणिकपणे पाहिले तेव्हा तीत सचोटी होतीच, नाही असे नाही. परंतु बरीचशी भीती होती. सचोटी असती तर वजनदारांच्या देयकापुढेही ती तशीच उभी राहिली असती.

चिमट्याला स्वतःचा दाब मोजता येत नाही, स्वतःचे पाय उतरवून तेल घालता येत नाही. म्हणून त्याला दोष देणे व्यर्थ आहे. माणसाला हे येते. घडण आपल्या हाती नव्हती, हे मान्य. देखभाल मात्र होती. कारणे सांगितल्याने माझा दोष नाहीसा होत नाही, त्याची जागा तेवढी कळते. मी कठोर जन्मलो हा माझा गुन्हा नव्हे, कदाचित ते खरेही नसेल. मी इतक्या वर्षांत एकदाही उघडून पाहिले नाही, हा आहे. आणि काही चिमटे दुरुस्त होत नाहीत हेही मिस्त्रीने सांगितले. अपघातात नळीच वाकली असेल तर तेल आणि हवा काय करणार? आपण त्यांतले आहोत असे मानण्याचा मोह म्हातारपणी फार होतो. त्यात एक सोय असते: मग काही करावे लागत नाही.

माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी तो भृत्य, जो तोवर स्वतः निवृत्त झाला होता, आवर्जून हार घेऊन आला होता. पाया पडून म्हणाला, "साहब, आपने कभी कोई गलत काम नहीं किया." मी ते वाक्य प्रशस्तिपत्रासारखे घरी आणले आणि चारचौघांत सांगितलेही. आता ते वाक्य मला वेगळे ऐकू येते. त्यात टोमणा नव्हता, याची मला खात्री आहे. पण माझ्याविषयी चांगले सांगायचे म्हणून त्याला जे सापडले ते एवढेच होते.

या दिवाळीत मी त्याला दूरध्वनी केला. तो आता मुलाकडे देवासला असतो. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या पत्नीची केली. ती बरी आहे, नातवंडांत रमली आहे. १९९८चा विषय माझ्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला. पस्तीस वर्षे बसलेले घर्षण पहिल्या भाराला सुटत नाही. देवास काही दूर नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाण्याचे ठरवले आहे, आणि नातवाला बरोबर चल म्हटले आहे.

नातवाची मनगटे आता दुखत नाहीत. तो दर दोन महिन्यांनी सायकल उलटी करून मिस्त्रीने शिकवल्याप्रमाणे नळ्या पुसतो, रबरी कडे कुठे सरकले आहे ते पाहतो आणि एका वहीत तारीख घालून नोंद करतो. परवा त्याने मला विचारले, "आजोबा, तुमच्या काळी खरंच शॉकर नव्हते?" मी म्हटले, "नव्हते रे. पण हवे होते."